रानातल्या ओसऱ्या
अमेरिकेतले ओंडक्यांचे निवारे, ते सांभाळणारे हात आणि एका कायद्याचा पेच

१९९८-९९ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात अफाट बर्फ पडले. वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट बेकरवर त्या मोसमात १,१४० इंच हिमवर्षाव मोजला गेला. एका मोसमातल्या हिमवर्षावाचा तो जागतिक विक्रम ठरला. त्याच राज्यातल्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात त्या हिवाळ्यात लाकडाचे दोन जुने निवारे बर्फाच्या ओझ्याखाली कोसळले. एकाचे नाव ‘होम स्वीट होम’ आणि दुसऱ्याचे ‘लो डिव्हाइड’. दोन्ही मोटाररस्त्यापासून खूप आत, पायी किंवा घोड्यावरूनच पोहोचता येईल अशा जागी होते.

उद्यानाच्या प्रशासनाने हे निवारे पुन्हा उभारायचे ठरवले. जुन्या नमुन्याबरहुकूम दोन नवे सांगाडे कार्यशाळेत तयार झाले. ते हेलिकॉप्टरला टांगून जुन्या जागी नेऊन ठेवायचे होते. तेवढ्यात काही निसर्गरक्षक संस्था न्यायालयात गेल्या. २००५ च्या ऑगस्टमध्ये संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने प्रशासनाच्या विरुद्ध निकाल दिला. १९८८ साली ही भूमी कायद्याने ‘वाइल्डरनेस’ म्हणून जाहीर झाली, तेव्हाच तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली, असे न्यायालयाने म्हटले. निवारे ऊन, पाऊस, बर्फ आणि काळ यांच्या ओघात पडले होते. आता त्यांच्या जागी जे उभे राहील ते नवे बांधकाम ठरेल आणि नव्या बांधकामाला या रानात मज्जाव आहे. तयार झालेले सांगाडे त्या जागी कधीच गेले नाहीत.

कोसळलेल्या दोन छपरांचा हा खटला वरवर क्षुल्लक वाटतो. पण त्यात एक मोठा प्रश्न दडला आहे. माणसाने रानात ठेवलेली खूण किती जुनी झाली म्हणजे ती रानाचा भाग होते? आणि ती जपायची झाल्यास कोणी, कोणत्या हत्यारांनी आणि कुठवर जपायची? गेली शंभर वर्षे अमेरिकेतल्या पायवाटांवरचे स्वयंसेवक या प्रश्नाचे उत्तर कुऱ्हाडीने आणि करवतीने देत आले आहेत. त्यांचा इतिहास समजून घेण्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत जावे लागते.

सालीच्या झोपडीपासून ओंडक्यांपर्यंत

या निवाऱ्याला इंग्रजीत ‘लीन-टू’ म्हणतात. तीन बाजूंनी भिंती, चौथी बाजू सताड उघडी, मागे उतरते छप्पर. आपल्या डोळ्यांपुढे आणायचे तर घर नसलेली नुसती ओसरी. दार नाही, कडी नाही, मालकही नाही. उघड्या बाजूसमोर शेकोटी पेटवायची. तिची ऊब उतरत्या छपरावर आदळून आत झोपलेल्यांच्या अंगावर येते. पुढच्या काठाला एक आडवा जाड ओंडका असतो. त्यावर बसून बूट काढायचे, चहा करायचा, पाऊस थांबायची वाट पाहायची.

एकोणिसाव्या शतकात ॲडिरॉन्डॅकमध्ये शिकारीला आणि मासेमारीला येणाऱ्या शहरी पाहुण्यांना तिथले स्थानिक वाटाडे रानात घेऊन जात. मुक्कामाच्या जागी वाटाड्या दोन उभ्या काठ्या रोवी, त्यांवर आडवा वासा टाकी, स्प्रूस झाडाची साल मोठ्या पट्ट्यांत सोलून छपरावर अंथरी आणि खाली बाल्सम फरच्या कोवळ्या फांद्यांची गादी करी. एका संध्याकाळी उभी राहणारी ही झोपडी दोन-तीन हंगामांत कुजून मातीला मिळे. १८६९ मध्ये विल्यम मरे नावाच्या पाद्र्याने या रानातल्या भटकंतीवर पुस्तक लिहिले आणि पाहुण्यांची अशी झुंबड उडाली की वर्तमानपत्रांनी त्यांना ‘मरेचे खुळे’ असे नाव ठेवले. माणसे वाढली, मुक्काम ठरावीक झाले. दर वेळी नवी झोपडी उभारण्यासाठी झाडे सोलण्याऐवजी एकदाच ओंडक्यांचा पक्का निवारा बांधावा हे शहाणपण त्यातून आले. निवाऱ्याच्या जन्मामागचे हे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. रानाची नासधूस एका जागी थोपवून धरणे हा त्याचा पहिला उपयोग होता.

याच मुलखात रान राखण्याचा पहिला मोठा कायदेशीर प्रयोगही झाला. न्यूयॉर्क राज्याने १८८५ मध्ये इथली सरकारी जंगले राखीव केली आणि १८९४ च्या राज्यघटनेत ही भूमी कायम रानच राहील, तिच्यावरचे लाकूड विकले, हलवले किंवा नष्ट केले जाणार नाही असे कलम घातले. निवारा आणि त्याच्यावर आक्षेप घेणारा विचार अशा रीतीने एकाच डोंगरात वाढले.

वाटा आणि मंडळे

विसाव्या शतकाच्या आरंभी शहरांजवळच्या डोंगरांत हौशी मंडळे स्थापन होऊ लागली. व्हरमाँट राज्यात जेम्स टेलर या शिक्षकाच्या पुढाकाराने १९१० मध्ये ‘ग्रीन माउंटन क्लब’ निघाला. राज्याच्या दक्षिण सीमेपासून थेट कॅनडाच्या हद्दीपर्यंत एकच सलग पायवाट काढायची, हा त्याचा संकल्प. ‘लाँग ट्रेल’ १९३० मध्ये पुरी झाली. वीस वर्षे खपून काढलेल्या या वाटेवर सभासदांनी निवाऱ्यांची साखळीही उभी केली. वाट आखायची म्हणजे पाणी कुठे, मुक्काम कुठे हे आधी ठरवायचे, हा धडा इथेच पक्का झाला.

त्याच धड्याला बेंटन मकाय याने देशव्यापी रूप दिले. वनखात्यात काम केलेल्या या नियोजकाने १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये वास्तुविशारदांच्या नियतकालिकात ॲपलेशियन ट्रेलची कल्पना मांडली. पूर्व किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या डोंगररांगेच्या माथ्यावरून एक वाट जावी, तिच्यावर आरामात एका दिवसाची चाल होईल इतक्या अंतराअंतरावर निवारे असावेत आणि हा सारा उद्योग नफ्याशिवाय, स्वयंसेवेने चालावा, असे त्याने लिहिले. वाट १९३७ मध्ये पूर्ण झाली. आज ती सुमारे २,१९० मैल आहे, चौदा राज्यांतून जाते आणि तिच्यावर अडीचशेहून अधिक निवारे आहेत. ती सांभाळण्याचे काम तीसेक स्थानिक मंडळांनी आपापसांत वाटून घेतले आहे. प्रत्येक मंडळाकडे ठरावीक मैल आणि त्या मैलांवरचे निवारे. एखाद्या गावाकडे पालखीच्या मुक्कामाचा मान पिढ्यान् पिढ्या असावा, तसे हे वाटप टिकून आहे.

निवाऱ्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा बांधकामाचा काळ मात्र मंदीने आणला. १९३३ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी बेकार तरुणांसाठी ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ सुरू केले. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुण त्यात येऊन गेले. महिना ३० डॉलर पगार, त्यातले साधारण २५ डॉलर घरी पाठवायचे. यातल्या पुष्कळांनी त्याआधी कुऱ्हाड हातात धरलेली नव्हती. म्हणून प्रत्येक छावणीवर आसपासच्या गावांतले जाणते लाकूडतोडे, सुतार आणि गवंडी नेमले जात. सरकारी कागदांत त्यांचा उल्लेख ‘स्थानिक अनुभवी माणसे’ असा आहे. ओंडक्याला खाच कशी घ्यायची, चिरफळी कशी काढायची हे या माणसांनी पोरांना शिकवले. निवाऱ्यांच्या नकाशांवर वास्तुविशारदांची नावे सापडतात. या शिकवणाऱ्या हातांची नावे क्वचितच.

राष्ट्रीय उद्यान सेवेने या कामासाठी नमुन्यांची पुस्तकेही काढली. आल्बर्ट गुड यांनी संपादित केलेले १९३८ चे तीन खंड त्यांत प्रसिद्ध आहेत. इमारत आसपासच्या दगडालाकडातून उगवल्यासारखी दिसावी, डोळ्यांत खुपू नये, अशी त्यांची शिकवण. मेन राज्यातल्या त्या काळच्या निवाऱ्यांत फळ्यांऐवजी बारीक गोल दांडकी जवळजवळ ठोकून तळ केलेला असे. वाटसरूंनी त्याला ‘बेसबॉलच्या बॅटींची जमीन’ असे नाव दिले. पाठीला रात्रभर त्या बॅटी मोजता येत.

ऑलिंपिक द्वीपकल्पात परिस्थिती थोडी वेगळी होती. तिथे १९३८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, पण त्याआधीपासून वनखात्याने वणवे शोधणाऱ्या आणि वाटा राखणाऱ्या माणसांसाठी दऱ्याखोऱ्यांत निवारे बांधले होते. सोल डक धबधब्याजवळचा कॅनियन क्रीक निवारा १९३९ मध्ये कोअरच्या तरुणांनी उभा केला. वर्षाचे बहुतेक महिने पाऊस कोसळणाऱ्या त्या रानात ओंडक्यांच्या भिंती आणि लाल सीडरच्या चिरफळ्यांचे छप्पर हीच काय ती कोरडी जागा.

पायबंद नसलेली भूमी

१९३५ मध्ये काही मोजक्या माणसांनी ‘वाइल्डरनेस सोसायटी’ स्थापन केली. वाढत्या मोटाररस्त्यांपासून उरलेसुरले रान वाचवणे हा तिचा हेतू. तिच्या संस्थापकांत आल्डो लिओपोल्ड आणि बॉब मार्शल यांच्याबरोबर बेंटन मकायही होता. म्हणजे निवाऱ्यांची साखळी कल्पिणारा आणि माणसाच्या खुणेपासून मुक्त रान मागणारा, हे दोघे एकच गृहस्थ. त्याला यात विसंगती दिसली नाही. त्याचा शत्रू मोटार होती, ओसरी नव्हे.

या सोसायटीचा पुढचा सूत्रधार हॉवर्ड झॅनिसर. ॲडिरॉन्डॅकमध्ये त्याची स्वतःची केबिन होती आणि न्यूयॉर्कच्या घटनेतले ‘कायम रान’ हे कलम त्याने जवळून पाहिले होते. देशपातळीवर तसा कायदा व्हावा म्हणून त्याने आठ वर्षांत मसुद्यावर मसुदे लिहिले. १९६४ च्या मे महिन्यात तो वारला आणि त्याच वर्षी ३ सप्टेंबरला वाइल्डरनेस कायद्यावर अध्यक्षांची सही झाली.

या कायद्यातल्या व्याख्येत त्याने एक जुनाट शब्द हट्टाने ठेवला: ‘अनट्रॅमल्ड’. पुष्कळ जण तो ‘न तुडवलेली’ असा वाचतात. ‘ट्रॅमल’ म्हणजे मासे पकडायचे जाळे किंवा घोड्याच्या पायात घालायचा फास. तेव्हा त्याला आपल्याकडचा नेमका शब्द आहे ‘पायबंद’. माणसाने जिला पायबंद घातलेला नाही अशी भूमी, जिथे माणूस पाहुणा म्हणून येतो आणि राहत नाही. या व्याख्येतून पुढचे नियम निघाले. रस्ता नाही, मोटार नाही, यंत्र नाही, बांधकाम नाही. मुख्य अपवाद असा. रानाच्या व्यवस्थापनासाठी जे किमान आवश्यक असेल तेवढे चालेल. पण त्याच व्याख्येच्या शेवटी असेही म्हटले आहे की अशा भूमीत वैज्ञानिक, शैक्षणिक, निसर्गसौंदर्याची किंवा ऐतिहासिक मोलाची वैशिष्ट्येही असू शकतात. पुढच्या साऱ्या खटल्यांचे बीज या एका ‘ऐतिहासिक’ शब्दात आहे.

मराठी वाचकाला ही व्याख्या थोडी परकी वाटेल. आपल्या परंपरेतले अरण्य निर्मनुष्य नाही. त्यात आश्रम आहे, पर्णकुटी आहे, वनवासाला आलेली माणसे आहेत. खरे तर अमेरिकेतले रानही निर्मनुष्य नव्हते. ऑलिंपिक द्वीपकल्पात क्विनॉल्ट, क्लॅलम, स्कोकोमिश, होह यांसारखे लोक हजारो वर्षे नांदत होते. १८८९-९० मध्ये सिएटलच्या एका वर्तमानपत्राच्या पैशावर निघालेली मोहीम लो डिव्हाइड खिंडीतून पलीकडे गेली, ती ‘अज्ञात’ प्रदेशाचा शोध लावल्याच्या थाटात. ज्या भूमीला कायद्याने पाहुण्यांची भूमी ठरवले तिथले मूळ यजमान आधीच बाजूला सारले गेले होते. निवाऱ्यांच्या वादात ही गोष्ट दोन्ही पक्ष विसरतात.

दोन घड्याळे

१९६६ मध्ये अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा कायदा झाला. त्याच्या चौकटीतल्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव लागण्यासाठी वास्तू साधारणपणे पन्नास वर्षांची असावी लागते. आता हिशेब मांडून पाहू. मंदीच्या काळातले निवारे १९३३ ते १९४२ मधले. म्हणजे ते ‘ऐतिहासिक’ व्हायला १९८० चे दशक उजाडायला हवे होते. रानाचा कायदा मात्र १९६४ मध्येच आला. मधल्या काळात हे निवारे कायद्याच्या दृष्टीने केवळ जुनी, गळकी, अडचणीची बांधकामे होती.

शिवाय १९७० च्या दशकात पाठपिशवी घेऊन भटकणाऱ्यांची लाट आली. निवाऱ्याभोवतीची जमीन तुडवून उघडी पडली, जळणासाठी आसपासची झाडे ओरबाडली गेली, उंदीर आणि कचरा वाढला. हलके तंबू बाजारात आल्यामुळे निवाऱ्याची गरजही कमी झाल्यासारखी वाटू लागली. ऑलिंपिक उद्यानाने या काळात अनेक निवारे पाडून टाकले. न्यूयॉर्क राज्याने १९७२ च्या आराखड्यात ३,५०० फुटांवर नवा निवारा बांधायला बंदी घातली आणि नवे निवारे पाण्याच्या काठापासून दूर बांधण्याचा नियम केला. निवारे पाडणारे अधिकारी इतिहासद्वेष्टे होते असे म्हणता येणार नाही. त्यांच्यासमोर तुडवलेली माती होती आणि तिचे दुखणे खरे होते.

पुढे १९८८ मध्ये ऑलिंपिक उद्यानाचा सुमारे ९५ टक्के भाग वाइल्डरनेस जाहीर झाला. नेमक्या याच सुमारास वाचलेल्या निवाऱ्यांचे पन्नासावे वर्ष भरत होते. एका घड्याळाने ‘हे इथे नको’ असा ठोका दिला, त्याच वेळी दुसऱ्याने ‘हे जपा’ असा. अधिकाऱ्यांना दोन्ही कायदे पाळायचे होते.

तळाचा ओंडका

या गोंधळात निवारे उभे राहिले ते प्रामुख्याने स्वयंसेवकांमुळे. ॲडिरॉन्डॅक माउंटन क्लबने १९८५ मध्ये निवारे दत्तक देण्याची योजना सुरू केली. एखादी व्यक्ती, कुटुंब किंवा गट एका निवाऱ्याची जबाबदारी घेतो, वर्षातून काही वेळा तिथे जातो, झाडलोट करतो, कचरा पाठीवर लादून खाली आणतो आणि काय बिघडले ते कळवतो. ॲपलेशियन ट्रेलवर वाट आणि निवारे मिळून स्वयंसेवक वर्षाला सुमारे दोन लाख तास काम करत आले आहेत. २००९ पासून ‘हिस्टॉरिकोअर’ नावाची संस्था सार्वजनिक भूमीवरच्या जुन्या वास्तू दुरुस्त करण्यासाठी स्वयंसेवकांना जाणत्या कारागिरांच्या हाताखाली घेऊन जाते. मंदीच्या काळातली ‘स्थानिक अनुभवी माणसे’ वेगळ्या रूपात परत आली, असे म्हणायला हरकत नाही.

हे काम नेमके काय असते ते पाहण्यासारखे आहे. ओंडक्यांचा निवारा वरून गळतो आणि खालून कुजतो. छप्पर गळू लागले की पाणी भिंतीत उतरते. वाऱ्याने साठलेला पाचोळा तळाच्या ओंडक्याला चिकटून राहिला की तो ओंडका सतत ओला राहतो आणि त्याला बुरशी लागते. म्हणून चांगल्या राखणदाराचे पहिले हत्यार फावडे. भिंतीभोवतीची माती आणि पाचोळा दर वर्षी दूर केला तर तळाचा ओंडका अनेक दशके टिकतो. याशिवाय साळिंदराचा उपद्रव. माणसांच्या घामाने लाकडात मीठ मुरते आणि मिठाला हपापलेले साळिंदर नेमका बसायचा ओंडका आणि तळाच्या फळ्या कुरतडते.

तळाचा ओंडका गेलाच तर मोठे काम निघते. वरचे सगळे ओंडके जागेवर ठेवून निवारा जॅक आणि पाचरींनी बोटबोटभर उचलायचा. एका बाजूला फार उचलला तर खाचा फाटतात, म्हणून चारी कोपऱ्यांवर माणसे उभी राहून एकमेकांना सांगत राहतात. कुजलेला ओंडका बाहेर ओढायचा, खाली सपाट दगड बसवायचे, म्हणजे नवे लाकूड मातीला टेकणार नाही. मग त्याच जातीचा, त्याच जाडीचा नवा ओंडका आणायचा. साल वसंतात, झाडात रस चढलेला असताना सहज सुटते. सालीखाली ओल आणि किडे राहतात म्हणून ती पूर्ण तासून काढावी लागते. कोपऱ्यावरची खाच शक्यतो वरच्या ओंडक्याच्या पोटाला घेतात, खालच्या ओंडक्याच्या पाठीला नाही. पाठीला खाच घेतली तर तिची वाटी होते, तिच्यात पाणी साचते आणि लाकूड तिथेच सडते. ही एक गोष्ट कळली की निम्मी विद्या आली.

छपरासाठी सीडरचा गोल ठोकळा उभा करून त्यावर लांब पात्याचे हत्यार ठेवायचे आणि मोगरीने ठोकायचे. लाकूड आपल्या रेषेवर फाटते आणि चिरफळी निघते. करवतीने कापलेल्या फळीत लाकडाच्या नळ्या तिरक्या कापल्या जातात आणि त्यांत पाणी शिरते. फाडलेल्या चिरफळीवरून पाणी रेषेच्या कडेने ओघळून जाते. म्हणून दिसायला खडबडीत असलेली चिरफळी गुळगुळीत फळीपेक्षा जास्त टिकते.

कायद्याने राखलेल्या रानात यंत्राची करवत सहसा चालत नाही. तेव्हा दोन माणसांनी दोन टोकांना धरून ओढायची जुनी लांब करवत लागते. तिच्या दात्यांत काही लाकूड कापणारे आणि काही भुसा बाहेर ओढणारे असतात. दोन्हींच्या उंचीत केसाएवढा फरक ठेवावा लागतो. ती ढकलायची नसते, फक्त आळीपाळीने ओढायची असते. यंत्राच्या करवती आल्यावर ही विद्या बहुतेक लोपली होती. वनखात्याने १९७० च्या दशकात आपल्या एका अनुभवी माणसाकडून करवतीला धार लावण्याची पुस्तिका लिहवून घेतली आणि आज स्वयंसेवकांना ही करवत चालवण्याचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे लागते. जड ओंडके रानातून हलवण्यासाठी हाताने फिरवायचे दोरखंडाचे रहाट वापरतात. काही ठिकाणी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून ते घसरगाड्यांनी ओढून नेतात.

इथे या इतिहासातली सर्वांत विलक्षण गोष्ट समोर येते. ज्या कायद्याने निवाऱ्याला उपरा ठरवले त्याच कायद्याने यंत्राला बंदी घालून निवारा बांधण्याची मूळ विद्या जिवंत ठेवली. यंत्र चालले असते तर ही हत्यारे केव्हाच भिंतीवर शोभेला टांगली गेली असती. रान राखणारे आणि निवारे राखणारे न्यायालयात समोरासमोर उभे राहतात, पण दोघांच्या हातांतली करवत एकच असते.

न्यायालयांनी काय ठरवले

२००५ च्या निकालानंतर निवाऱ्यांचा शेवट झाला असे अनेकांना वाटले. २०१२ मध्ये आणखी एक धक्का बसला. वॉशिंग्टन राज्यातल्याच ग्रीन माउंटनवर १९३३ मध्ये बांधलेली वणवे पाहण्याची चौकी होती. वनखात्याने ती सुटी करून, हेलिकॉप्टरने खाली नेऊन, दुरुस्त करून पुन्हा वर बसवली होती. न्यायालयाने हे कायद्याचे उल्लंघन ठरवले आणि चौकी हटवण्याचा आदेश दिला. २२ मार्च २०१४ रोजी त्या चौकीपासून जवळच ओसो इथे भीषण दरड कोसळून ४३ माणसे गेली. आसपासच्या गावांना थोडा धीर मिळावा म्हणून संसदेने अडकून पडलेले विधेयक झटपट संमत केले आणि एप्रिलमध्ये अध्यक्ष ओबामा यांच्या सहीने ती चौकी जागेवर ठेवण्याची परवानगी मिळाली. एका खोलीएवढ्या चौकीसाठी देशाच्या संसदेला कायदा करावा लागला.

ऑलिंपिक उद्यानावर पुन्हा खटला झाला, तो जागेवरच डागडुजी केलेल्या काही जुन्या वास्तूंवरून; कॅनियन क्रीकचा निवारा त्यांतला एक. या वेळी २०१६ मध्ये न्यायालयाने उद्यानाची बाजू मान्य केली आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. ऐतिहासिक मोल जपणे हेही वाइल्डरनेस कायद्याच्या उद्दिष्टांत बसू शकते, असे आता ठरले.

२००५ आणि २०१६ चे निकाल वरवर परस्परविरोधी दिसतात. बारकाईने पाहिले तर त्यांच्यात एक सूत्र आहे. उभे असलेले सांभाळले तर चालेल. पडलेले परत उभारले तर चालणार नाही. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, तेव्हा कोणी नवे घर बांधले असे म्हणत नाही. शाकारणी एक वर्ष चुकली, दुसरे वर्ष चुकली आणि घर बसले, की मग मात्र पुढचे काम बांधकाम ठरते. न्यायालयांनी नकळत हाच भेद कायद्यात आणला. त्यामुळे दर वर्षी फावडे घेऊन पाचोळा काढणाऱ्या माणसाचे काम अचानक कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे झाले. निवारा पडू दिला तर तो कायमचा गेला. उभा ठेवला तर प्रत्येक दुरुस्तीबरोबर तो जुनाच राहतो.

प्रत्येक निवारा वाचवावा का? मला तसे वाटत नाही. ऑलिंपिकमधल्याच एन्चँटेड व्हॅलीत १९३०-३१ मध्ये बांधलेले ओंडक्यांचे तीनमजली विश्रामगृह आहे. १९८० च्या दशकात गिर्यारोहकांच्या मंडळाने उद्यानाच्या साथीने ते दुरुस्त केले. पुढे ईस्ट फोर्क क्विनॉल्ट नदीने पात्र बदलले आणि ती विश्रामगृहाच्या पायाखालची माती खाऊ लागली. २०१४ मध्ये ती अख्खी इमारत सुमारे शंभर फूट मागे सरकवण्यात आली. नदी पुन्हा तिच्या दिशेने सरकू लागली. नदीला पायबंद घालून ती इमारत वाचवायची झाली तर ज्या रानासाठी ती तिथे आहे ते रानच उरणार नाही. अशा वेळी मोजमाप करून, छायाचित्रे काढून, लाकूड नदीला देणे हेच शहाणपणाचे. पण जिथे वर्षाकाठी फावडे, काही चिरफळ्या आणि चार माणसांचा घाम पुरतो, तिथे निवारा पडू देणे म्हणजे रानाचे रक्षण नव्हे. तो आळस आहे आणि त्याला तत्त्वाचे नाव देऊ नये.

जतनाच्या कामात एक शिस्त पाळतात. नवा ओंडका जुन्यासारखाच घडवायचा, पण त्याच्या न दिसणाऱ्या टोकावर बसवल्याचे साल कोरून ठेवायचे, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होत नाही. १९८५ मध्ये दत्तक योजना सुरू झाली तेव्हा कोणी तळाचा ओंडका बदलला असेल, तर २०३५ मध्ये त्या दुरुस्तीलाही पन्नास वर्षे भरतील. मग मंदीतल्या तरुणांच्या कामाबरोबर या स्वयंसेवकांचे कामही नोंदवहीच्या कसोटीला उतरेल आणि तो ओंडका बदलायची वेळ आलेली असेल.